तेरा की तीस

हामरावीक,
११ एप्रिल १९५५

प्रिय मालेना,

टपालाची होडी उद्या येईल असं म्हणतात, समुद्राने येऊ दिली तर. म्हणून आजच लिहायला बसले.

तुझी लेक ठीक आहे. बटाटे पोटभर खाते, वाळवलेल्या मटणाचा तुकडा खिशात घालून हिंडते. सर्दी तेवढी हटत नाही, हिवाळाभर नाक ओढतेय. हानुसची बोट गेल्या महिन्यात मासेमारीला ग्रीनलँडला गेली. माझा भाऊ आता पानगळीशिवाय परत येत नाही आणि आपल्या बेटावर झाडच नसल्यामुळे पानगळ कधी ते कळत नाही, असं तो स्वतःच जाताना म्हणाला. त्याचे विनोद अजून तसेच आहेत.

आता मुद्द्याचं. एलिआसेन मास्तर पूर्वीसारखेच पंधरवडाभर आपल्या गावात आणि पंधरवडाभर खाडीपलीकडच्या गावात शिकवतात. ते तिकडे असले की पोरांचा अभ्यास घरच्यांनी घ्यायचा. तू होतीस तोवर मला यातलं काही माहीत नव्हतं. आता रोज संध्याकाळी जेवणाआधी शुद्धलेखन आणि तोंडी गणितं. मी चुलीकडे तोंड करून बटाटे सोलते आणि शब्द घालते, योरुन टेबलाशी बसून लिहिते. मग मी गणितं विचारते.

काल म्हटलं, तेरात सात मिळव. तिने डोळे मिटले, ओठ हलवले आणि शांतपणे सांगितलं, "सदतीस."

"योरुन, नीट विचार कर."

"केला की आत्या. सदतीस."

वर हसली, जणू मला भेट दिलीय. विसातून दोन काढ म्हटलं तर सतरा. शब्दांचं विचारूच नकोस. मी 'भाषा' म्हटलं, तिने 'जाळ' लिहिला. आपल्या बोलीत त्यांच्यात पहिल्या अक्षराचाच फरक आहे, मान्य. पण आठ वर्षांच्या पोरीला भाषा आणि जाळ यातला फरक कळू नये?

मास्तर म्हणतात, वर्गात ती खिडकीकडे बघत बसते आणि नाव घेतलं तरी वळत नाही. जूनच्या सुरुवातीला शाळा तपासणीस येणार आहेत. ते तोंडीच परीक्षा घेतात. तू आई आहेस, तुझी काही युक्ती असेल तर कळव. माझ्याजवळ फक्त आवाज चढवण्याची एक युक्ती आहे आणि ती रोज वापरून झालीय.

तुझी,
सुन्नेवा

—

क्षयरुग्णालय, तोर्सहाव्न
२० एप्रिल १९५५

प्रिय वन्सं,

तुमचं पत्र व्हरांड्यात पडून वाचलं. इथे आम्हाला दिवसभर उघड्यावर खाटांवर निजवतात. अंगावर दोन जाड पांघरुणं, पायाशी गरम पाण्याची बाटली, समोर गवताचा उतार आणि त्याखाली समुद्र. धुकं आलं की आधी समुद्र जातो, मग उतार, मग पलीकडच्या खाटेवरची बाई. मग मी एकटीच उरते आणि डोळा लागतो. जागी झाले तरी सगळं तसंच असतं. दिवस कुठे संपला आणि स्वप्न कुठे लागलं, त्याची शिवण दिसत नाही.

नव्या इंजेक्शनांनी खोकला खूप कमी झालाय. बाकी सांगण्यासारखं काही नाही. इथे फार शांत आहे. पाखरंसुद्धा यंदा कमी आली असावीत.

योरुनबद्दल वाचून हसू आलं आणि मग रडूही. वन्सं, तिला गणित येतं. मी फेब्रुवारीत निघाले तोवर ती अंगणातली मेंढरं आणि शेजारची मेंढरं यांची बेरीज करून मला रोज सांगायची. आम्ही गणितं खाटेवर करायचो, नाकाला नाक लावून. ती माझी वाट बघतेय, दुसरं काही नाही. आई गेली, बाप गेला, घरात नवीन माणूस आलं. अशा पोरीने सदतीस म्हटलं काय आणि सतरा म्हटलं काय.

तुम्ही शिस्तीच्या, हे मी नव्याने सांगायला नको. लग्न होऊन आले तेव्हा माझी भाकरी तुम्ही खिडकीपाशी नेऊन उजेडात बघितली होतीत, आठवतं? पण पोरीला थोडं सैल सोडा. तिला जवळ घेऊन बसा. चुलीपाशी उभं राहून हाका मारण्यापेक्षा ते बरं.

रागावू नका.

तुमची,
मालेना

—

हामरावीक,
२ मे १९५५

मालेना,

रागावले नाही. भाकरी कच्ची होती.

तू म्हणालीस म्हणून आठवडाभर चूल सोडून तिच्यासमोर बसले, विणकाम हातात घेऊन. खरं सांगायचं तर फरक पडला. समोर बसलं की उत्तरं बरीचशी बरोबर येतात. उठून चुलीकडे गेलं की पुन्हा सगळं वाऱ्यावर. याचा अर्थ तू काय लावशील मला ठाऊक आहे, मायेचा वगैरे. मी लावते तो असा, की डोळ्यांचा धाक असेपर्यंतच ती अभ्यास करते.

पण आता मी लिहितेय ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. गुरुवारी आम्ही दोघी वरच्या कुरणात गेलो होतो. मेंढ्या व्यायच्या दिवसांत एकदा बघून यावं लागतं. वर पोचलो आणि समुद्रावरून धुकं चढलं. योरुन माझ्या थोडी पुढे होती, एका कोकराच्या मागे, गुणगुणत. कोकरू कड्याच्या बाजूला वळलं. मी हाक मारली, "योरुन, थांब." ती चालत राहिली. मी ओरडले. घसा फुटेपर्यंत ओरडले, मालेना. पाठमोरी ती तशीच गुणगुणत चालली होती, जणू अंगणातच आहे. खाली समुद्र वाजत होता. मी धावले आणि तिच्या वेणीला धरून मागे ओढलं, कारण हाताला तेवढंच आलं.

ती घाबरली, ती माझ्या ओढण्याने. कड्याने नाही. मला म्हणाली, "आत्या, हाक का नाही मारलीस?"

घरी येईपर्यंत मी तिची वेणी सोडली नाही. इतका निगरगट्टपणा या घरात कुणाचा नव्हता, असं वाटलं. रात्री वाटलं, निगरगट्ट असती तर असं विचारलं नसतं.

मास्तरांना सांगितलं. ते वाईट माणूस नाहीत. चष्मा पुसत म्हणाले, "सुन्नेवा, मुलगी गोड आहे. पण तिच्यात काहीतरी कमी आहे असं मला वाटायला लागलंय." डेन्मार्कला अशा मुलांसाठी संस्था आहेत म्हणे, तिथे शिवणकाम वगैरे शिकवतात. तपासणिसांसमोर जूनमध्ये जमलं नाही, तर त्यांना तसं लिहून द्यावं लागेल. एकदा गेलं पोर की मोठं होऊनच परत येतं. आलं तर.

एकच गोष्ट मला गप्प बसू देत नाही. आपलं ते मुकं अक्षर, जे लिहायचं असतं पण उच्चारायचं नसतं, ज्यात सगळी शाळा चुकते, हानुस तर अजून चुकतो, ते योरुन कधीही विसरत नाही. एकदाही नाही. जे ऐकू येतं ते चुकते आणि जे ऐकू येत नाही ते अचूक लिहिते. ही कसली मतिमंद?

पाखरं कमी आली म्हणतेस, इकडे तर त्यांनी नुसतं डोकं उठवलंय.

हानुसला कळवू का? लवकर लिही.

सुन्नेवा

—

तोर्सहाव्न
९ मे १९५५

वन्सं,

हे पत्र शेजारच्या खाटेवरची बाई झोपल्यावर लिहितेय, कारण लिहिताना मी काय करेन याचा भरवसा नाही.

मी तुम्हाला एक गोष्ट कळवली नव्हती. पाखरं कमी आलेली नाहीत. मला ती ऐकू येत नाहीत.

इंजेक्शनं सुरू करण्याआधी डॉक्टरांनी सांगितलं होतं, छाती वाचेल, पण कधीकधी कान जातात. मी म्हटलं, द्या. मार्चपासून कानात शिंपल्यासारखा आवाज आहे आणि त्याच्यामागे सगळं जग बारीक होत चाललंय. आधी पाखरं गेली, मग बायकांचे आवाज, मग दाराचा. आता पुरुष डॉक्टर जवळ येऊन बोलले तर थोडं कळतं. परवा सिस्टरने विचारलं, "खिडकी लावू का?" मी म्हटलं, "हो, एकच चमचा." तिला वाटलं मी तापात बरळतेय. मी तर अगदी नीट उत्तर दिलं होतं, साखरेच्या प्रश्नाला. रोज चहा आणायच्या वेळेलाच ती आली होती.

तुमचं पत्र वाचलं आणि मग आधीचंही काढून पुन्हा वाचलं. तेरा आणि तीस आपल्या बोलीत सख्ख्या बहिणी आहेत, शेपटी ऐकू आली नाही तर ओळखूच येत नाहीत. तीस अधिक सात, सदतीस. दोन आणि तीनचंही तसंच. विसातून तीन, सतरा. वन्सं, तिचं एकही उत्तर चुकलेलं नाही. तिला प्रश्नच वेगळा ऐकू आला होता. आणि भाषा आणि जाळ. आपल्या बोलीत हे शब्द ज्या म आणि ब या अक्षरांनी सुरू होतात, ती दोन्ही ओठ मिटून निघतात. आरशासमोर उभं राहून आवाज न करता म्हणून बघा. एकच शब्द दिसतो.

मुकं अक्षर तर कुणालाच ऐकू येत नाही. तिथे ती आणि बाकीची पोरं एका रेषेवर उभी असतात, आणि तिथे ती पहिली येते.

खाटेवर नाकाला नाक लावून बसायचो म्हणून मला कधी कळलं नाही. मला वाटलं, पोर लाडाने चिकटते.

आता असं करा. तिच्या मागे उभं राहा आणि साध्या आवाजात तिला आवडणारं काहीतरी विचारा. रागावून नाही, ओरडून नाही. मग समोर बसा, तोंडावर खिडकीचा उजेड येईल अशा, आणि तीच गणितं विचारा जी चुकली होती.

हानुसला सध्या काही लिहू नका. माझ्या कानांचं मीच सांगेन.

मालेना

—

हामरावीक,
१७ मे १९५५

प्रिय मालेना,

तू मला सांगितलं नाहीस याचा राग मी नंतर करीन. सध्या वेळ नाही.

पत्र आलं तेव्हा योरुन टेबलाशी चित्र काढत होती. मी तिच्यामागे जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "योरुन, रूबार्बचा मुरंबा हवा?" ती चित्र काढत राहिली. मी थोडं मोठ्याने म्हटलं. तिने मेंढीला पाचवा पाय काढला. या पोरीने मुरंब्याला आजवर कधी पाठ दाखवलेली नाही, ते तुला ठाऊक आहे.

मग तिला खिडकीशी बसवलं आणि समोर मी बसले. विणकाम बाजूला ठेवलं, कारण लक्षात आलं की सुया चालू असताना मी मान खाली घालून बोलते. तेरात सात? वीस. विसातून दोन? अठरा. मी विचारत गेले, ती सांगत गेली. पाढ्यांवर आले, मग पाढे उलटे विचारले, मग असली काही काढली की माझं मलाच उत्तर माहीत नव्हतं आणि तिनेच मला समजावून सांगितलं. बोलताना ती माझ्या डोळ्यांकडे बघतच नाही, मालेना. तोंडाकडे बघते. इतके दिवस मला वाटायचं, माझा दात पडलाय तिकडे बघते.

मी विचारलं, "तुला ऐकू येत नाही हे सांगितलं का नाहीस?"

"येतं की," ती म्हणाली. "लोकरीतून येतं."

"कसल्या लोकरीतून?"

मग तिने मलाच समजावलं. सगळे आवाज लोकरीत गुंडाळलेले येतात, आणि बाकीच्या पोरांना त्यातूनही बरोबर कळतं कारण ती पोरं हुशार आहेत. तिला वाटायचं, ऐकणं म्हणजे ओळखणं. जो जास्त ओळखतो तो वर्गात पहिला.

मी उठून मुरंब्याची बरणी तिच्यापुढे ठेवली आणि बाहेर मेंढ्या बघायला गेले. मेंढ्या काही बघण्यासारख्या नव्हत्या.

मास्तरांना सांगितलं तर ते म्हणाले, "आता तुम्हाला असं वाटणं साहजिक आहे." म्हणजे त्यांना पटलेलं नाही. तोर्सहाव्नच्या कानाच्या डॉक्टरांना तार केली. त्यांनी जूनच्या अखेरीस बोलावलंय. तपासणीस त्याआधी येतात.

तू जेवतेस ना नीट?

सुन्नेवा

—

हामरावीक,
८ जून १९५५

प्रिय मालेना,

तपासणीस येऊन गेले. सगळं सांगते, क्रमाने.

आम्ही त्या दिवसासाठी तयारी केली होती. योरुनने पहिल्या बाकावर बसायचं, बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचं, कळलं नाही तर "पुन्हा सांगा" म्हणायचं, अंदाजाने उत्तर द्यायचं नाही. ती म्हणाली, पुन्हा सांगा असं किती वेळा म्हणता येतं? मी म्हटलं, माणूस दमेपर्यंत.

होडी आली. तपासणीस उतरले. माणसाला ही भली मोठी दाढी. छातीपर्यंत. वर मिशा अशा, की जेवतो कसा हाच प्रश्न पडावा. तोंड नावाचा अवयव कुठे दिसतच नव्हता.

आम्ही घरची मंडळी मागच्या भिंतीशी उभी होतो. त्यांनी पोरांना एकेक करून पुढे बोलावलं आणि पुस्तकात बघून गणितं विचारली. योरुनची पाळी आली. ती पुढे जाऊन उभी राहिली आणि त्या दाढीकडे बघत राहिली, धुक्यात होडी शोधावी तशी. त्यांनी विचारलं. ती म्हणाली, "पुन्हा सांगा." त्यांनी पुन्हा विचारलं. "पुन्हा सांगा." वर्गात कुणीतरी हसलं. तिसऱ्यांदा त्यांनी पुस्तक मिटलं आणि मास्तरांकडे बघितलं. ती बघण्याची तऱ्हा मला कळली.

मी भिंत सोडून पुढे गेले. म्हटलं, "साहेब, पोरीला ऐकू कमी येतं. तिला तुमचं तोंड दिसत नाही. फळ्यावर लिहा, नाहीतर मला विचारू द्या."

ते म्हणाले, "बाई, ही तोंडी परीक्षा आहे. आणि घरच्यांनी विचारायची पद्धत नाही."

मी काय बोलले असते ते देवाला ठाऊक. पण एलिआसेन मास्तर उठले. त्यांनी तपासणिसांच्या हातून पुस्तक घेतलं, अगदी अदबीने, आणि म्हणाले, "मी घरचा नाही. मी विचारतो." मग ते तिच्यासमोर जमिनीवर गुडघे टेकून बसले. हा उंच माणूस, गुडघ्यांचं दुखणं असलेला. खिडकीकडे तोंड केलं. आणि रोज जसे बोलतात तसंच, पण तिच्या डोळ्यांसमोर, त्यांनी तेच गणित विचारलं.

तिने सांगितलं. दुसरं सांगितलं. मास्तर पानं उलटत गेले, वरच्या इयत्तेच्या गणितांवर गेले, आणि मालेना, त्यांचा आवाज बारीक होत गेला. दोन वर्षं ते तिला फळ्याकडे तोंड करून शिकवत होते. पुस्तक संपलं तरी ते उठेनात. शेवटी योरुननेच त्यांना हात दिला.

तपासणिसांनी वहीत काय लिहिलं माहीत नाही. जाताना मला म्हणाले, "डॉक्टरांना दाखवा." मी म्हटलं, "दाखवतेच आहे. आणि तुम्ही न्हाव्याला दाखवा." मास्तर खोकले. डेन्मार्कचं नाव पुन्हा कुणी काढलेलं नाही.

आम्ही अठ्ठावीसला तोर्सहाव्नला पोचतो. तुला भेटू देत नाहीत हे माहीत आहे. पण कुंपणाशी येऊन उभ्या राहू.

सुन्नेवा

—

तोर्सहाव्न
१ जुलै १९५५

प्रिय वन्सं,

तुम्ही शहरातच आहात, उद्या पोरीचं ऑपरेशन आहे, आणि मी तुम्हाला पत्र लिहितेय. पण परवा कुंपणापाशी तुमच्याशी बोलणंच झालं नाही. तुम्ही हात हलवत होतात, तोंड उघडत होतात, मला वाटतं ओरडतही होतात, कारण आमच्या व्हरांड्यातल्या सगळ्या बायका उठून बसल्या. मला एक अक्षर कळलं नाही. तुमचे ओठ फार घाई करतात.

योरुन मात्र गजांना धरून उभी राहिली आणि आवाज न करता बोलायला लागली. मधे केवढं गवत होतं, तरी मला सगळं दिसलं. आम्ही कितीतरी वेळ बोललो. तुम्ही नंतर दगडावर बसून राहिलात, दोघींकडे आळीपाळीने बघत. तुम्हाला वाटलं असेल, या काय बोलतायत. म्हणून सांगते.

तिने कोकरांची नावं सांगितली. मास्तरांचे गुडघे सांगितले. मग म्हणाली, "आई, तुझ्याकडे पण लोकर आहे, असं आत्या म्हणाली."

"आहे."

"माझी लोकर डॉक्टर काढणार आहेत. नाकामागे गाठी आहेत आणि कानामागे पाणी साचलंय. ते काढलं की लोकर जाते."

"छान झालं."

"तुझी पण काढतील?"

मी खोटं बोलणार होते. पण ओठांनी खोटं बोलणं कठीण असतं, समोरचा एकेक अक्षर बघत असतो. मी म्हटलं, "माझी नाही निघत. माझी वेगळी आहे."

वारा होता, तिचा फ्रॉक उडत होता. मग म्हणाली, "मग माझी पण राहू दे. नाहीतर तू आत एकटी राहशील."

वन्सं, मला या आजारात इतक्या वेळा वाटलं की आता आपण संपलो. त्या वेळी नाही वाटलं. मी म्हटलं, "मला आतमध्ये बरं आहे, इथे झोप छान लागते. पण बाहेर काय चाललंय ते सांगायला मला कुणीतरी हवं. तू बाहेर जा. आणि मला येऊन सांगत जा."

तिने मान हलवली. मग तिला तहान लागली आणि तुम्ही तिला घेऊन गेलात.

उद्या तिचा हात धरून बसा. तुम्ही बसालच.

मालेना

—

हामरावीक,
२५ जुलै १९५५

प्रिय मालेना,

आम्ही घरी आलो. डावा कान डॉक्टर म्हणतात तसा अगदी नीट झालाय, उजवा पाऊणएक. त्यांच्या मते तेवढ्यावर आयुष्य छान जातं.

घरात मात्र मला जगणं मुश्किल झालंय. माझ्या विणायच्या सुया वाजतात म्हणे. मी बटाटा चावते त्याचा आवाज होतो म्हणे. घड्याळ दुसऱ्या खोलीत नेलं. पहिल्या सकाळी घाबरून मला उठवलं, घरामागे पाणी फुटलंय म्हणून. तो आपला ओढा होता. हा ओढा तिच्या जन्माआधीपासून तिथेच वाहतोय. ती त्याच्या काठाशी जाऊन बसली आणि जेवायला बोलावलं तेव्हाच उठली. एका हाकेत आली. मला दोनदा हाक मारायची इतकी सवय झालीय की दुसरी हाक तशीच तोंडात राहिली.

आता दुपारी ती कधीकधी दोन्ही कानांवर हात ठेवून डोळे मिटून बसते. मी विचारलं, दुखतं का? म्हणाली, नाही, आईकडे जाऊन येते.

मी तिला काही म्हटलं नाही. तूही काही म्हणू नकोस.

हानुसचं पत्र आलंय, तुझ्या कानांबद्दल त्याला सगळं कळलं. त्याने मला लिहिलंय, "मालेनाला सांग, मी तसाही घरी फारसं बोलत नाही." मी तसंच लिहून पाठवतेय. त्याचे विनोद मी दुरुस्त करू शकत नाही.

सुन्नेवा

—

हामरावीक,
३० ऑक्टोबर १९५५

प्रिय वन्सं,

तुम्ही तुमच्या घरी परत जाऊन आठवडा झाला आणि मला अजून प्रत्येक डबा उघडून बघावा लागतो, तुम्ही काय कुठे ठेवलंय ते. मीठ पिठाच्या डब्यात होतं.

छातीचा फोटो स्वच्छ आलाय. कान जिथे होते तिथेच आहेत, म्हणजे जवळजवळ कुठेच नाहीत. हानुस मुद्दाम समोर येऊन बोलतो आणि मान इतकी हलवतो की काही कळत नाही. त्याने दाढी मात्र काढून टाकली, मी न सांगता. दाढीखालचा हानुस मी लग्नानंतर पहिल्यांदा बघितला. बरा आहे.

एलिआसेन मास्तर पलीकडच्या गावात गेलेत, म्हणून कालपासून घरचा अभ्यास सुरू झाला. शुद्धलेखन झालं. मग मी आणि योरुन खिडकीशी समोरासमोर बसलो आणि पाढे घेतले. मी विचारायचं, तिने सांगायचं, मी तिचे ओठ बघायचे. छान चाललं होतं. बाहेर कुणाची तरी मेंढी कुंपणात अडकली होती आणि शेजारची पोरं तिला सोडवत होती. मी विचारलं, सात आठे?

ती म्हणाली, "चौपन्न."

वन्सं, चौपन्न! पहिल्यांदा वाटलं, पाणी परत साचलं. मग वाटलं, नाही, माझंच चुकलं, तिने छप्पन्न म्हटलं असेल आणि मला चौपन्न दिसलं. मी तिच्या हातात पाटी दिली आणि म्हटलं, लिही. तिने लिहिलं. चौपन्न.

मी तिची हनुवटी धरली. "मी काय विचारलं होतं?"

"सात आठे."

"नीट ऐकू आलं?"

"आलं की."

"मग चौपन्न कसे?"

तिने खिडकीबाहेर बघितलं, पुन्हा माझ्याकडे बघितलं, आणि ओशाळं हसली. "आई, माझं लक्षच नव्हतं. ती मेंढी काय ओरडतेय बघ ना."

मी उठले, खिडकी लावली, परत येऊन बसले, आणि तिला मनसोक्त रागावले.

तुमची,
मालेना